बिनचहाचे अठ्ठेचाळीस तास

२ फेब्रुवारी १९९२, जळगाव
गावाहून मोठ्या भावाचं, पुनाभाऊचं, परत तेच! म्हणे, निंबा एका जागी बूड टेकवत नाही. डाळमिल सोडली, पाइपचा कारखाना सोडला. अरे, सोडायला आधी नोकरी मिळवावी लागते, ती कोणी मिळवली? आता पत्रात अट: महिनाअखेर तीनशेची मनीऑर्डर आली तरच तो झुलालनानांकडे माझ्यासाठी शब्द टाकणार. त्यांची मुलगी लता. शिंदखेड्याच्या बाजारात एकदाच पाहिली, पण पुरे.
तीनशे? पाठवतो की! नवं काम लागलंय. हार्टचं.

४ फेब्रुवारी
काम असं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नव्या गोळीची टेस्ट घेतायत, त्यांना धडधाकट माणूस पाहिजे. तीन गुरुवार गोळी खायची, दंडाला पट्टा बांधून चार तास पडायचं. गुरुवारचे शंभर, हिशोब शेवटी.
बाईंनी समजावलं. अंगात अ‍ॅडेनोसिन असतं, ते हृदयाला सांगतं हळू चाल, नसांना सांगतं सैल व्हा. त्याचं पेशीवर कुलूप, म्हणजे रिसेप्टर. गोळी ही त्याची किल्ली. लागली की नाडी उतरते, बीपी उतरतं. पण चहातलं कॅफीन त्याच कुलपात काडीसारखं अडकतं, किल्ली जातच नाही. म्हणून आधी अठ्ठेचाळीस तास चहा बंद.
म्हटलं, बाई, चहा काय चीज आहे!
संध्याकाळी: डोकं ठणकतंय. हवा बदलली असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार
फत्ते! नाडी ऐंशीची छप्पन. वरचं बीपी १२४ होतं, १०२ झालं. उठलो तर खोली गरगर फिरली, नर्सने पाय उशीवर ठेवून झोपवलं. घरी इतकी सेवा कधी झाली? लग्नानंतर चहा सोडूनच देणार.

१२ फेब्रुवारी
खोलीवरच्या जोडीदाराने, उखर्डूने, सकाळी आलं ठेचून चहा टाकला. मुद्दाम. मी बशीभर घेतला. बशी म्हणजे कप नव्हे.
दुपारी: आणखी एक बशी. पहिली एकटी पडली होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
काय सांगू! शेजारच्या दोन कॉटांवरचे दोघं पार कोमेजले, माझी नाडी ऐंशीची अठ्ठ्याहत्तर. बीपी जागचं हललं नाही. लोखंडी काळीज! बाईंनी दोनदा पट्टा बदलून पाहिला, कपाळाला आठ्या. कौतुक लपवत होत्या. चहा घेतला का विचारलं. नाही म्हटलं. बशीचं विचारलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
झुलालनाना लताला घेऊन जळगावला भाचीकडे आलेत! निरोप आला, चहाला या. आता आमच्याकडे असा चहा नाकारला म्हणजे मुलगीच नाकारली. उद्या गुरुवार आहे हे मला माहीत होतं. पण कप लताने आणला. घेतला. नाना म्हणे, "आखो ले ना, निंबा, लाजू नको." आणखी, आणखी म्हणत तीन झाले. नोकरी विचारली. सांगितलं, हार्ट डिपार्टमेंटला आहे. म्हणे, उद्या बघायला येतो.
येऊ द्या. माझा रुबाब बघतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार
नाना आले. मी कॉटवर, दंडाला पट्टा. कमरेवर हात ठेवून म्हणे, "हाई काय काम शे? पडी ऱ्हावाना पगार?"
तेवढ्यात बाई गोळी घेऊन आल्या. चहा घेतला का? मी तोंड उघडायच्या आत नानाच छाती फुगवून बोलले, "पोऱ्या मानपानना शे, बाई! काल तीन कप चहा लिना!"
बाईंनी गोळी खिशात ठेवली. वही उघडली. मग माझ्या तोंडून बश्यासुद्धा निघाल्या. त्यांनी वहीत दोन गुरुवार खोडले. पट्टा सोडताना नर्सने नाडी मोजली. गोळी न घेता एकशे बारा.
नाना म्हणे, विचार करून कळवतो. म्हणजे जमलंच.

१ मार्च
पुनाभाऊचं पत्र. लताचं ठरलं. मुलगा चाळीसगावचा, स्टेशनसमोर चहाचं हॉटेल. दिवसभर एका जागी बसतो म्हणे.
खरा धरलेला एकच गुरुवार, त्याचे शंभर मिळाले. एक रुपया उखर्डूने दिला, आहेराला वरचा रुपया लागतो म्हणून.
पुनाभाऊला लिहिलं: भाऊ, लताच्या लग्नात माझ्या नावाने घाल. मनीऑर्डर करतोय, रुपये एकशे एक.