बरुआसागरची आलेवाली

बाबा, तुमची शब्दांची वही उद्या न्यायला ग्वाल्हेरहून एक प्राध्यापिका येणार आहेत. इथल्या हिंदी मुलखातल्या मराठी घरांच्या बोलण्याचा त्या कोश करताहेत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण त्याआधी हे तुम्हाला सांगायला हवं.

तिसरीत शाळेत घालेपर्यंत तुम्हीच मला स्वयंपाकघरात शिकवलंत. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही रेल्वेच्या ड्यूटीवरून येऊन पाटावर बसलाय, वही मांडीवर. शब्द एक, रकाने दोन. 'खाली': मराठीत अव्यय, 'वर'च्या उलट; हिंदीत विशेषण, म्हणजे रिकामं. शेजारी, कुणाच्या तोंडून ऐकलं ते. कुणी बोललेलं ऐकल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, हा तुमचा नियम. दूधवाले भैया वहीत होते, समोरच्या चाची होत्या, आईसुद्धा होती. फक्त मी नव्हते. "माझं पण लिहा ना," म्हटलं तर तुम्ही हसलात. "पोपटा, तू मी शिकवलेलंच बोलणार. तुझी साक्ष कशी धरू?"

मग मी एक बाई रचली. बसस्टँडवरची, बरुआसागरहून आल्याची टोपली घेऊन आलेली. ती म्हणाली, "आज जी खाली-खाली लगत है."

"म्हणजे?" तुम्ही म्हणालात.

"उदास वाटतंय."

"नक्की ऐकलंस?" तुम्ही दोनदा विचारलंत. मी दोन्ही वेळा मान हलवली. तुम्ही शाईने लिहिलंत, पुढे 'आलेवाली, बरुआसागर', आणि कंसात, 'ऐकणारी: आमची कन्या'. त्या दिवशी मी ते पान किती वेळा उघडून पाहिलं!

तो अर्थ खराही असेल, लोक बोलतातही तसं. पण ती बाई नव्हती, बाबा. आता ती कोशात जाईल, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून.

आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, तेवढ्यावरून काय? राहू दे."

"बाबांनी राहू दिलं असतं?"

"नसतं दिलं. पण आधी तुला जेवायला वाढलं असतं."

मग जेवले आणि समासात लिहिलं: 'ऐकलेलं नाही. मी रचलं.' खाली सही केली. तुमचं अक्षर खोडलं नाही.

पेन समोरच होतं. तरी पेन्सिलीने लिहिलंय.