देश सोडल्याची तारीख

ता. ३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन आई उचलते आणि माझ्या 'हॅलो'वरूनच तिला सगळं कळतं, म्हणून पत्र. तिला दाखवू नका.

गेल्या जुलैत माझा शिक्षणाचा व्हिसा संपून नोकरीचा सुरू झाला. त्यामुळे कराच्या अर्जात यंदा वर्षाचे दोन तुकडे करायचे होते. कुणाला न विचारता भरला, शहाणपणा नडला. त्यात 'देश सोडल्याची तारीख' असा रकाना होता. रिकामा रकाना म्हणजे अर्ज परत, हे तुमच्याकडून लहानपणापासून ऐकलेलं. ऑगस्टमध्ये बारा दिवस घरी आले होते, तीच तारीख घातली. तो रकाना कायमचं जाणाऱ्यांसाठी होता.

काल करखात्याचं पत्र आलं. तुम्ही ऑगस्टमध्ये देश सोडलात, तर त्यानंतर नोकरी कोणत्या परवानगीवर करता, याचा तीस दिवसांत खुलासा मागितलाय. बाबा, मला फार भीती वाटतेय. जिन्यात पावलं वाजली की मी दिवा घालवते.

लोभ आहेच, तो आता जरा जास्त लागणार आहे.
तुमची ठमी

ता. १२ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि आतल्या खिशात ठेवलं. चूक तुझी नाही, माझी. एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. एकेका रिकाम्या रकान्यापायी किती लोकांना खेटे घालायला लावले, त्यांचेच तळतळाट लागले असतील. आता स्वतः काही लिहू नकोस, जाणत्या माणसाला गाठ. मलाही भीती वाटते, लपवत नाही.

जेवताना घास हातातच राहतो, म्हणून तुझ्या आईने विचारलं. दाढ दुखते म्हणालो, तर तिने दंतवैद्याची वेळ घेतली. उद्या धडधाकट दाढ घेऊन जायचं आहे. तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन चोवीस एप्रिललाच आहे. तू येणार म्हणून ती निर्धास्त आहे.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
बाबा

ता. २२ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

कर सल्लागार बाईंना भेटले. ही तारीख घालायला कोणी सांगितलं, असं त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. मी तुमचं नाव घेतलं नाही. दुरुस्त अर्ज, पासपोर्टवरचे शिक्के, पगाराच्या पावत्या, सगळं मुदतीत पाठवलं. उत्तराला दोन महिने लागतील. निघताना त्या म्हणाल्या, "तोवर बाहेर जाऊ नका. परत आत घेतील याची हमी मी देणार नाही."

बाबा, मी तरीही येणार. वीस एप्रिलचं तिकीट आहे. आईला आत नेताना मी तिथे नसेन, तर ही नोकरी काय चाटायची आहे? इथलं सगळं हातचं जाईल, पण येणार.

आईला सांभाळा, स्वतःलाही.
ठमी

ता. ९ एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडलीस तर मी विरघळून 'ये' म्हणेन, म्हणून जलद टपालाने लिहितो.

मी दुसऱ्यांदा दंतवैद्याकडे गेलो असताना पोस्टमन आला आणि तुझं पत्र तुझ्या आईच्या हाती पडलं. मी परतलो तेव्हा ती डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. पोरगी विमानात बसायच्या आत उरका, म्हणाली. सोमवारी ऑपरेशन झालं. चार तास मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. इतका कधीच घाबरलो नव्हतो, आणि तुला कळवायचं नाही अशी तिची तंबी होती.

काल तिला साध्या खोलीत हलवलं. धोका टळला, असं डॉक्टर आज सकाळी म्हणाले. आवाज अजून खोल गेलेला आहे, पण मी लिहायला बसलो तशी तिने हाताने जवळ बोलावलं. तिचे शब्द जसेच्या तसे देतो.

"न विचारता केलं, तर रागव म्हणावं माझ्यावर. हवं तितकं रागव. पण तिथूनच."

तुझे,
आई-बाबा