मधे कोणी नसलेला कॉल

माननीय सात नंबरबाईंच्या सेवेशी,

आठ नंबरचा स्वतःचे कान धरून नमस्कार. आपण खुशाल असाल अशी आशा करते. (तब्येतीची चौकशी करायचा माझा हक्क पंचवीस वर्षांपूर्वीच गेला, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी हात लिहून गेला.) पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, फक्त शेवटपर्यंत वाचून फाड. इतकं लिहून बोटं दुखली आहेत. आणि बघ, दोन ओळी झाल्या नाहीत तोवर मी ‘आपण’वरून ‘तू’वर आले. एकोणीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात खांद्याला खांदा लावून एका बोर्डापुढे बसलेल्या बाईला ‘आपण’ म्हणणं मला झेपत नाही.

आपलं काय बिनसलं ते एकदा कागदावर लिहूनच टाकते. तू तुझ्या तपासणीचा निकाल विचारायला एक्स्चेंजमधूनच दवाखान्याला ट्रंक कॉल लावायला सांगितलास. तो मीच जोडून दिला, आणि जोडल्यावर लाइनीतून बाहेर पडायचं ते पडले नाही. गाठ काढावी लागणार हे तू सांगायच्या आधीच तुझ्या आईला माझ्या तोंडून कळलं. ऐकायची कळ अडकली होती, म्हणून कानावर पडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढे गाठ साधी निघाली, तू ठणठणीत झालीस, पण माझ्याशी बोलणं टाकलंस ते टाकलंसच. तू फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

तर आमची सूनबाई. ही एका छोट्या ऑफिसात काम करते, आणि सध्या मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरणीसाठी व्हिडिओ कॉलचं पान बनवते आहे. पेशंटने काहीही डाउनलोड करायचं नाही, नेहमीच्या ब्राउझरमध्ये पान उघडायचं की डॉक्टरीण समोर. मी म्हटलं, त्यात काय, आम्ही जन्मभर हेच केलं. ती म्हणाली, आई, तुम्ही मधे होतात, ह्यात मधे कोणी नाही. एका ब्राउझरमधून निघालेलं चित्र थेट दुसऱ्या ब्राउझरमध्ये. मी हसले. जोडणाऱ्याशिवाय कधी कॉल लागतो का?

तरी चाचणीला माणसं हवीत म्हणून तिने मला आणि ह्यांना धरलं. पहिल्या दिवशी दोन्ही लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवले, तर त्यांनी एकमेकांचं ऐकून अशी किंकाळी फोडली की शेजारच्या काकू चप्पल न घालता धावत आल्या. मग ह्यांना आतल्या खोलीत बसवलं. ब्राउझरने अदबीने विचारलं, कॅमेरा वापरू का? ह्यांनी सवयीने नाही म्हटलं. (घरात ह्यांचं ‘नाही’ कोणी मनावर घेत नाही, पण ब्राउझरने घेतलं. दोन दिवस हे माझ्यासमोर एक काळा चौकोन होते, आणि त्या चौकोनातून पंखा कमी कर असं सांगत होते.)

आता माझा पराक्रम ऐक. सुरुवातीला दोन ब्राउझरची ओळख हातानेच करून द्यावी लागे. एकाने लांबलचक मजकूर द्यायचा: मला बोलायचं आहे, माझा आवाज असा, चित्र असं, आणि मी अमुक अमुक पत्त्यांवर सापडेन. तो उचलून दुसऱ्याला द्यायचा, त्याचं उत्तर पहिल्याकडे आणायचं. ही नेआण माझ्याकडे आली. पाहते तर एकाच लॅपटॉपचे नऊ नऊ पत्ते! तू मला ओळखतेस. आपल्या ट्रंक कॉलच्या चिठ्ठीवर एका माणसाचा एकच नंबर असायचा, दुसरा लिहिला की सुपरवायझरबाई चष्म्यावरून बघायच्या. मी पहिला पत्ता ठेवला आणि बाकीचे नीट निवडून काढून टाकले. घरातल्या घरात कॉल छान लागत राहिला. सूनबाईने ऑफिसातून लावून बघितला, तर ठार शांत. तीन दिवस तिने स्वतःच्याच कामात चूक शोधली, जेवताना भिंतीकडे बघत बसायची. चौथ्या दिवशी मी सहज म्हटलं, फालतू पत्ते मी काढते हं, तुला त्रास नको. तिचा घास हातातच राहिला. पहिला पत्ता होता घरातल्या घरात हाक मारण्याचा. बाहेरच्या जगाला आमचं दार सापडावं म्हणून जे होते, ते सगळे मी झाडून टाकले होते. ती रागावली नाही गं. आधी डोळे मिटून बसली आणि मग इतकी हसली की मलाच रडू फुटलं.

त्यानंतर तिने ओळख करून देण्याचं काम एका जुन्या कॉम्प्युटरला दिलं. तो फ्रिजशेजारच्या फळीवर बसतो. मी त्याच्याकडे संशयाने बघायची, कारण हा आपल्याच जातीचा. जोडून देतो, मग ऐकतही असणारच. सूनबाई म्हणे, आई, ओळख झाली की त्याचं काम संपलं. (कधी रस्ता अडलाच तर मधे एक हमाल लागतो म्हणे, पण त्याच्या डोक्यावरची पेटी कुलूपबंद, किल्ली दोन टोकांच्या दोघांकडेच.) माझा विश्वास बसेना. परवा ती ऑफिसात, मी स्वयंपाकघरात, कॉल चालू. भाजी चिरायला किती घेऊ असं काहीतरी मी विचारत होते, आणि विचारता विचारता उठले आणि त्या फळीवरच्या कॉम्प्युटरची पिन उपटली.

सात नंबर, तिचा चेहरा हलला नाही. ती बोलतच होती! दोन जुड्या घ्या म्हणत होती, केस मागे सारत होती, तिच्यामागे कोणीतरी खुर्ची ओढली तेही ऐकू आलं. मी उपटलेली पिन हातात धरून उभी. इतकी वर्षं आपण कितीतरी लोकांची बोलणी ह्या हातांनी जोडली, आणि मला वाटायचं की आपण हात काढला की ती माणसं अंधारात पडतील. आणि इथे दोन माणसं बोलताहेत आणि मधे कोणी नाही. खरंच कोणी नाही. माझ्या अंगावर काटा आला, मी ओट्याला टेकले. माणसांनी हे बसून बनवलं, माझ्या घरातल्या मुलीने बनवलं, ह्याचं मला अजून नवल वाटतं. फोटोही असाच जातो. स्टाफचा आपला जुना फोटो मी ह्यांना आतल्या खोलीत पाठवला. त्याचे शेकडो तुकडे होऊन गेले आणि तिकडे बिनचूक जुळले, तुझ्या हेडफोनखालच्या वेणीसकट. हे म्हणाले, ही तुझ्याशेजारची कोण गं? मी म्हटलं, सात नंबर.

पत्र फार लांबलं. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझी (तू म्हणशील तर),
आठ नंबर

ता. क. १: सूनबाईला लांबच्या गावातलं कोणीतरी चाचणीला हवं आहे. मी तुझं नाव दिलं. पानाचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. गुरुवारी दुपारी चारला उघड. कामात मदत म्हणून, दुसरं काही नाही.

ता. क. २: चाचण्या मागच्याच महिन्यात संपल्या. पान सगळीकडे उत्तम चालतं, डॉक्टरीणबाई वापरतातही.

ता. क. ३: कळ अडकली नव्हती. मी ती दाबून धरली होती. तू हुंदका दिलास, आणि मला ती सोडवेना. तुझ्या आईकडे धावले तेही मला एकटीला पेलवेना म्हणून, तुझ्यासाठी नव्हे. गुरुवारी सूनबाई ऑफिसात असेल, हे बाहेर जातील. तुला जे बोलायचं असेल ते बोल, पंचवीस वर्षांचं सगळं बोल. तेव्हा तुला न विचारता ऐकलं. आता विचारते, ऐकू का?