नदीवर नजर ठेवणारी डबी

१२ जुलै, शनिवार
चालेना! इंटरनेटवरची तयार टूलचेन, म्हणजे प्रोग्राम बांधायची हत्यारं, उतरवली, लॅपटॉपवर प्रोग्राम बांधला, तळहाताएवढ्या संगणक-बोर्डात सोडला — तर तो म्हणतो, मला नवी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा नवा साठा, हवा. बोर्ड आमच्या कारखान्याच्या भंगारातला, त्याचं लिनक्स जुनंच असणार. माझ्यासारखं! स्वतः प्रोग्राम बांधायची ताकद त्याच्या अंगात नाही. बांधायचा लॅपटॉपवर, चालवायचा त्याच्यावर. म्हणजे त्याच्या जुनेपणाला जुळतील अशी हत्यारं मलाच घडवावी लागणार. लोहार सांडशी स्वतःच करतो की.

जन्मभर कारखान्यात मीटर दुरुस्त केले, पण असली मजा कुठं होती!

१३ जुलै
मुलाचा, सुनीलचा, पुण्याहून फोन. "तात्या, गुडघे बघा तुमचे. कशाला उतरता रोज घाटावर? इकडे या आता कायमचे." म्हटलं, धरणाचं पाणी सुटलं की 'नदीतल्या पाण्याच्या मोटारी काढा' म्हणून सगळ्या पुणतांब्याला फोन कोण करणार? शेजारच्या कडूबाईची मोटार तर सगळ्यात खाली. मागच्या पावसाळ्यात मी ओरडलो म्हणून वाचली. या बोर्डाची डबी चालली की पाणी चढताच तीच फोन लावेल. पुण्याचं पुढं बघू.

१५ जुलै
टूलचेन बांधायला घेतली — सुरुवातीलाच बंद. पुन्हा. पुन्हा! शेवटी पुण्याच्या नातीला, धनश्रीला, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली. पोरगी हसत सुटली. "आजोबा, फोल्डरचं नाव 'गोदाकाठची सांजवेळ'? मध्ये मोकळी जागा सोडलेली चालत नाही तिथं!"

आमच्या गुरुजींनी नदीच्या कविता शाळेच्या ओट्यावर बसवून, समोर नदी दाखवत म्हणून घेतल्या. अजून ते सूर कानात आहेत. मग नाव दुसरं काय सुचणार? बदललं. इंग्रजीत नुसतं गोदा. आणि सुटली की गाडी! दुपारभर ओळी धावताहेत, लॅपटॉप तव्यासारखा तापलाय, मी पुठ्ठ्यानं वारा घालतोय.

१७ जुलै
चालला!!! बोर्डावरून पहिली ओळ आली — 'तात्या, मी जागा आहे.' मीच लिहिलेली, तरी अंगावर काटा आला. कडूबाईला हाक मारून दाखवली. "एवढ्यासाठी जेवायची सुद न्हाई व्हय तुमाला?" अगं बाई, एका घरी जन्मलेली ओळ दुसऱ्या घरी जाऊन बोलली!

२२ जुलै
सगळ्या मोटारवाल्यांचे नंबर घालून डबी घाटाच्या खांबावर बसवली, तोंड पाण्याकडे. कडूबाईला सांगितलं, भरलेली बादली खालून वर आण. बादली वर — आणि तिच्याच कमरेचा मोबाईल वाजला! "आरं द्येवा, बादलीला पूर आला!" घाटभर हशा.

२९ जुलै
सकाळी कडूबाई दारात. "तात्या, डबीचा फोन आल्ता पहाटं. समद्यांनी मोटारी वर घेतल्या. म्हटलं, तुमाला कशाला उठवायचं."

माझा नंबर मी डबीत घातलाच नव्हता.

नदी चढली, आणि मी झोपलो होतो.

सुनीलला फोन केला — ये न्यायला.