गच्चीवरच्या चादरी

दादा,

वीज कमी येते म्हणून सोलरवाल्याशी आज भांडू नकोस, पॅनल चांगले आहेत. दुपारी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि जागीच थिजले. आपले बाबा शिडीवर चढून पॅनलवर चादरी अंथरत होते. रोजच अंथरतात म्हणे. "जपून वापरा, संपलं की संपलं," असं मलाच दटावलं. अरे, कोळशाच्या खाणीत जन्म काढलेल्या याच माणसाने 'कोळसा संपेल, ऊन नाही' म्हणत सोलरचा हट्ट धरला होता ना?

त्यांना डॉक्टरांकडे नेतेय. शिडी माझ्या खोलीत ठेवून कुलूप लावलंय, किल्ली शेजारी दिलीय. चादरी तूच काढ, माझ्याच्याने होईना. तुझ्यासाठी थोडं ऊन शिल्लक ठेवतोय, म्हणाले.