दहा कोटी एकचे भाग

मी, दत्तोपंत नरहर हेर्लेकर, वय वर्षे ७१, निवृत्त गणित शिक्षक, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी तेवीसचा पाढा उलटा म्हणून खात्री केली. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते का रद्द झाले हे आधी सांगणे भाग आहे.

सन १९५१ मध्ये मी व माझे स्नेही जयपाल मगदूम, गुळाचे व्यापारी, कागल, यांनी १०,००,००,००१ या संख्येला कशाने नि:शेष भाग जातो का, हे तपासायला घेतले. दहा हजारांच्या आतल्या १,२२९ मूळ संख्यांनी भागून पाहायचे होते. पहिल्या शंभर जयपालकडे, बाकीच्या माझ्याकडे. सात वर्षे लागली. कशानेच भाग गेला नाही. त्या साली बांधलेल्या घराला मी ‘अविभाज्य’ हे नाव दिले.

१९६८ साली एकुलता एक मुलगा बंडू याने लग्नानंतर त्याच घरात वेगळी चूल मागितली. मी त्याला दारावरचे नाव वाचायला सांगितले. तो बायकोसह कबनूरला मागावर कामाला निघाला. तो वळकटी बांधत असता माझी पत्नी सौ. कालिंदी हिने दगडी पाटीवर सतराने भागाकार करून माझ्यापुढे धरला. सतरा जयपालच्या वाट्याचे, म्हणून मी तो न वाचता पुसला.

या दिवाळीत जयपाल फराळाला आले. चकली हातात धरून म्हणाले, “दत्तोपंत, सतराचं मी केलंच न्हाई. त्या दिवशी गुळाचं सौदं हुतं.”

मी तिथेच सतराने भागून पाहिले. उत्तर ५८,८२,३५३. बाकी शून्य.

आत जाऊन कालिंदीला सांगितले. ती म्हणाली, ठाऊक आहे. मग इतकी वर्षे पुन्हा बोलली का नाहीस, असे विचारले.

“बंडू गेल्यावर भाग जाऊन काय करायचा होता?” म्हणाली आणि पोहे चाळू लागली.

सबब, घराचा उत्तरेकडील निम्मा भाग बंडूस व दक्षिणेकडील कालिंदीस द्यावा.

सदर संख्या, पूर्वेस दहा कोटी व पश्चिमेस दहा कोटी दोन, हिच्यापैकी सतरा हा भाग जयपाल यांस. त्यांनी तो रोज एकदा पाहावा. ५८,८२,३५३ हा भाग कालिंदीस. याचे आणखी भाग होत नाहीत असे ती म्हणते. मी तपासणार नाही.

माझ्या चौतीस वह्या रद्दीत घालू नयेत. त्यांतले सर्व भागाकार बरोबर आहेत.

बंडू परवा आला. तो व गवंडी पिराजी उत्तरेची भिंत फोडून दुसरे दार काढत आहेत. माझ्या मरणाची वाट पाहण्यास मीच मनाई केली. खालील सही वाकडी आली आहे ती भिंतीच्या हादऱ्याने. माझ्या शुद्धीविषयी कोणी शंका घेऊ नये.

(सही) द. न. हेर्लेकर

साक्षीदार:
१. गणपतराव सासने, शेजारी
२. जयपाल मगदूम, कागल (सतरा मिळाले)

कोल्हापूर, १४ नोव्हेंबर १९७९