हँडबिलावरची काळी पाच

१२ डिसेंबर

दिवाळीपासून या वहीला हात लावला नाही. तिची क्षमा मागतो, पण कारण आळस नव्हे. तालमीहून येताना डोक्यात जे असे ते कागदावर उतरवण्याच्या लायकीचं नसे. कोणाचं कोणाशी, कोणाचा टोप, कोणाचे दात. ऐकताना हसायचो, लिहायला बसलं की शिसारी. म्हणजे कानाला चालतं आणि कागदाला चालत नाही. हे कुठलं सोवळं?

तर मंडळाचं संगीत नाटक पुन्हा उभं राहतंय. पहिला प्रयोग रोह्याला जानेवारीत, दुसरा इथे पेणला माघी गणपतीत. ऑर्गनवर मी. कंपनीतून सुटलो की धाटावहून बस, रोह्याहून गाडी, पेणला उतरून थेट शाळेच्या हॉलवर. नलू म्हणते, घरी पाहुण्यासारखे येता, फक्त पाहुणे काहीतरी घेऊन येतात.

नायिका अर्थात सुमनताई. वय चौपन्न, भूमिका अठराची. नायक दाजी, वय अठ्ठावन्न. मिशीचा कलप तिसऱ्या अंकापर्यंत ओठावर येतो. प्रेमप्रवेशात सु.ताई त्याच्याकडे न बघता विंगेकडे बघतात. लोकांना ती लज्जा वाटते.

हे लिहिताना मजा आली. तेवढी नोंद करून ठेवतो.

१७ डिसेंबर

तालीम संपल्यावर सु.ताईंनी पेटीपाशी थांबवून घेतलं. पदर बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "विनू, माझी पदं काळी चारात घे. आणि कुणाला कळू देऊ नकोस."

पंचवीस वर्षं काळी पाचात गायल्या. त्या उंच पट्टीवरच त्यांचं नाव झालं. मंडळाचा सेक्रेटरी भाऊ अजून हँडबिलावर छापतो: 'काळी पाचच्या खणखणीत आवाजात'. एक पट्टी खाली येण्यात पाप काय? माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, मी कोणापासून लपवला नाही. पण त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा होता, तेव्हा हो म्हणालो.

बबनला सांगणं भाग. तबला त्याच सुरात लावायला हवा ना. बबन खाडीकडच्या गावाचा, मिठागरावर कामाला, तालमीला सायकलने येतो. तोंडात कायम पान, दिवसाला चार शब्द. ऐकलं, मान हलवली, हातोडीने तबला उतरवला. "व्हय" म्हणाला. चारातला एक खर्च.

२४ डिसेंबर

भाऊच्या कारखान्यात गेलो होतो. भाऊचा धंदा गणपतीच्या मूर्तींचा. मंडळाची खरी सभा तिथेच भरते, न रंगवलेल्या पन्नाससाठ गणपतींसमोर. बरं आहे, त्यांना अजून डोळे काढलेले नसतात.

आजचे विषय: दिग्दर्शक दर वाक्यात पुणं का आणतो. दासीचं काम करणाऱ्या गडब गावच्या मुलीला दाजी रोज स्कूटरवरून घरी का सोडतो, आणि गडबच्या आधी चहाला कुठे थांबतो. त्या मुलीचं लग्न ठरतंय हे सगळ्यांना माहीत. तरी कोणी थांबलं नाही. मीही नाही.

मग कोणीतरी म्हणालं, काही म्हणा, सु.ताईंचा आवाज मात्र अजून तसाच. आणि मी म्हणालो, "काळी पाच आता हँडबिलावरच उरलीय."

भाऊने हातातला ब्रश खाली ठेवला आणि हसत सुटला. सगळेच हसले. एकाने पाठीवर थाप मारली. मला आतून ऊब आली, थंडीत शेकोटीजवळ यावी तशी.

घरी येईपर्यंत ती गेली. मी गुपित फोडलं का? मी तर फक्त एक वाक्य बोललो. पट्टीचं नाव घेतलं, चारचा उल्लेखही केला नाही…

हे वरचं वाक्य वकिलाचं आहे.

३१ डिसेंबर

लॅबमध्ये सॅम्पल लावून बसलो होतो. आमच्यातला एक, रोह्याचाच राहणारा, सांगायला आला. "ऐकलं का, तुमच्या नाटकवाल्या बाईंची काळी पाच हँडबिलावरच उरलीय." वर स्वतःची भर: प्रयोगाला हँडबिलच उभं करा, बाईंना घरी बसू द्या.

मी हसलो. 'असं बोलू नये' म्हणता आलं नाही. वाक्य माझं होतं हेही म्हणता आलं नाही. आणि सर्वांत घाण गोष्ट: ते माझं आहे हे त्याला ठाऊक नाही, याचं मला क्षणभर वाईट वाटलं.

आठ दिवसांत पेणहून धाटावला. एवढ्या वेगाने आमची पत्रंसुद्धा जात नाहीत.

१० जानेवारी

कालचा रविवार. रोह्याला दुपारी चारचा प्रयोग. हॉल भरलेला, मागच्या बाजूला आमच्या कंपनीची सकाळची शिफ्ट सुटून आलेली माणसं. क्रमाने लिहितो, म्हणजे स्वतःला सवलत देता येणार नाही.

पहिला अंक उत्तम. दुसऱ्या अंकात सु.ताईंचं मोठं पद. काळी चारात सुंदर गायल्या. खरंच सुंदर, आवाजाला आता जी खोली आली आहे ती काळी पाचच्या काळात नव्हती. टाळ्या पडल्या. मागून आवाज आला: "वन्स मोअर! पन काळी पाचात होऊ द्या!"

त्यावर हशा. सगळ्यांचा नाही. पण ज्यांना कळलं त्यांचा, आणि ते बरेच होते.

सु.ताई जागच्या जागी उभ्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी पदराआडून हात पुढे केला. पाच बोटं.

मी मान हलवून नाही म्हणू शकलो असतो. काळी चारच धरून ठेवली असती तर लोकांना पत्ता लागला नसता, त्यांनाही बहुधा मनातून तेच हवं असेल. मी काळी पाच दिली. आज्ञा पाळली म्हणून? की मलाही बघायचं होतं? हा प्रश्न कालपासून दहा वेळा विचारला. दहाही वेळा उत्तर वेगळं आलं.

बबनचा तबला काळी चारात लावलेला. नव्या सुरावर तो वाजवला असता तर कानात खडा रुतल्यासारखं झालं असतं, आणि पुन्हा चढवायला वेळ नव्हता. त्याने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ताल धरला. तबलजीने करायला हवं तेच केलं. पण लोकांना दिसलं ते एवढंच की बाई गाताहेत आणि तबलजी हात आवरून बसलाय.

मुखडा निघाला. अंतऱ्यात वरच्या षड्जावर आवाज फाटला. एकदा. त्यांनी तो धरायचा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मग त्या उरलेल्या ओळी नुसत्या बोलल्या, संवादासारख्या. टाळ्या पडल्या. असल्या टाळ्यांपेक्षा दगड बरे.

नाटक पूर्ण केलं त्यांनी. एक शब्द चुकल्या नाहीत.

नंतर रंगपटात आरशासमोर बसून दागिने काढत होत्या. बबन दारात आला. त्या आरशातूनच म्हणाल्या, "बबन, तुझ्या तोंडात पान असतं म्हणून मी निर्धास्त होते रे."

बबन म्हणाला, "ताय, मी नाय बोललो."

"आणि हात कोणी उचलले?"

भाऊ तिथे होता. दाजी होता, अर्धी मिशी पुसलेला. कारखान्यात हसणारे सगळे होते. मी तर होतोच, ऑर्गनचं झाकण लावत. झाकण लावायला किती वेळ लागतो? मी पुष्कळ लावला.

११ जानेवारी

भाऊकडे गेलो. म्हणालो, सु.ताईंना खरं सांगायला हवं. भाऊ मूर्तीच्या कानाला पॉलिश पेपर मारत होता, त्याने मान वर केली नाही.

"विनू, तू मधे पडू नकोस. पनवेलचा तबलजी मी बोलावलाय. तबलजी मिळतो रे. ऑर्गनवाला मी कुठून आणू?"

मी म्हणालो, वाक्य माझं होतं, तू ऐकलंस.

"मी रोज पुष्कळ ऐकतो."

मग समजुतीच्या सुरात: बबनचं काय, त्याला मीठ आहे, खाडी आहे, त्याचं पोट काही आपल्या तबल्यावर नाही. जणू नाटक फक्त पोटासाठी करतात. भाऊ स्वतः कशासाठी करतो?

किळस आली. उठून चालता झालो नाही मात्र. चहा प्यायलो.

१३ जानेवारी

ड्युटीनंतर सु.ताईंकडे. सांगायचंच म्हणून गेलो होतो, गाडीत वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

त्यांनी पोहे केले. गळ्याला मफलर. म्हणाल्या, पेणचा प्रयोग करणार, काळी चारातच गाणार आणि आता लपवणार नाही. "भाऊला सांग, हँडबिलावरून ते काळी पाच काढ म्हणावं." मला एवढं बरं वाटलं की बोलायला तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बबनचं लागलं रे मनाला. बाकी सगळे कसे आहेत मला माहीत आहे, कोणाकडून अपेक्षाच नव्हती. तू तेवढा राहिलास."

जुळवलेलं वाक्य गिळलं. वर पोहे. निघताना त्यांनी डबा भरून दिला, नलूसाठी. नलूने विचारलं, सांगितलंत का. मी डबा पुढे केला. तिने तो न उघडता ओट्यावर ठेवला.

१४ जानेवारी

संक्रांत. बबन सकाळी दारात. मंडळाचा डग्गा त्याच्याकडे होता, तो परत द्यायला. तिळगूळही घेऊन आला होता कागदात. आत ये म्हटलं, आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आज तोंडात पान नव्हतं. दात लाल, तोंड रिकामं, म्हाताऱ्यासारखा दिसला.

म्हणाला, "दादा, त्या हँडबिलाचं तुमी बोललाव. मला ठावं हाय."

कसं कळलं, विचारलं. 'नाही' म्हणालो नाही, एवढंच माझ्या बाजूने.

"बाकीच्यांना सरळ शिवी येते. आसा गोड बोलाया शिकल्याला मानूस लागतो."

मग ताईंना का नाही सांगितलंस?

तो जरा हसला. "माझं कोन ऐकल? आन ऐकलं, तर त्यांना कोन राह्यला?"

त्याने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर सोपं होतं. सायकलला टांग मारून गेला. तिळगूळ हातात तसाच. गोड बोला हे ना त्याने म्हटलं, ना मी.

१६ जानेवारी

भाऊचा निरोप: उद्या संध्याकाळी पनवेलच्या तबलजीसोबत पहिली तालीम. हँडबिल नवीन छापतोय, 'काळी पाच' काढून 'भावपूर्ण' घातलंय. सु.ताईंची मागणी पोचवायला मात्र मी चुकलो नाही. जिथे स्वतःला काही लागत नाही तिथे मी फार तत्पर.

दुपारभर हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला. सांगितलं तर: ज्या एका माणसावर त्यांचा विश्वास आहे तोच निघाला, हे त्यांना कळणार. प्रयोग महिन्यावर. कदाचित उभ्याच राहणार नाहीत, आणि मग मी एक वाक्य बोलून एका बाईचं गाणं दोनदा मारलं असं होईल. नाही सांगितलं तर: बबन. आणि सांगितलं तरी भाऊ बबनला परत बोलावेलच असं नाही. म्हणजे सांगून उपयोग कोणाला? मलाच?

नलूला हे सगळं वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "अहो, बबन तुमच्यासाठी गप्प बसला नाही. ताईंसाठी बसला. तुम्ही कोणासाठी बसलाय?"

बाकी मुद्दे तिने ऐकलेच नव्हते असं वाटलं. वर पाहिलं तर ऐकत होती.

उद्या: तालमीच्या आधी सु.ताईंकडे जाऊन ते वाक्य माझं होतं हे सांगणे.